साडूचा पंप

टिटव्या प्लेऑफमध्ये पोचल्या तो रविवार होता आणि रिंकच्या तळघरातला पंप मोडला तो सोमवार. मधली एक रात्र काय ती गावाने सुखाची झोप घेतली.

टिटव्या म्हणजे गावाची आइस हॉकीची टीम. सगळे दांडगे बाप्ये, दाढ्या वाढलेल्या, कुणाचे पुढचे दोन दात गेलेले, आणि नाव टिटव्या. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. बदलायची सूचना दोन-तीनदा आली आणि दर वेळी गावाने ती हाणून पाडली. गोल झाला की हजार-बाराशे माणसं एका सुरात ‘टिव-टिव-टिव’ असा कालवा करत. पाहुण्या गोलकीपरच्या कानात तो घरी गेल्यावरही दोन दिवस वाजत राहतो, असं गावात अभिमानाने सांगितलं जाई.

लीगमध्ये बारा टीम. पहिल्या आठ प्लेऑफला जातात आणि टिटव्या चौदा वर्षं नवव्या येत होत्या. अकराव्या-बाराव्या आल्या असत्या तर लोकांनी नाद सोडला असता. नवव्या नंबरचं तसं नसतं. तो माणसाला धड रडू देत नाही आणि पुढच्या वर्षाची आशाही सोडू देत नाही. यंदा मात्र टिटव्या चौथ्या आल्या. शेवटच्या रविवारी शेवटच्या चार मिनिटांत दोन गोल ठोकून चौथ्या. पाचव्या नंबरवर होते शहरवाले. पाच वेळा अजिंक्यपद घेतलेले, पैसेवाले, ज्यांच्या राखीव खेळाडूच्या स्केट्सही टिटव्यांच्या कप्तानापेक्षा भारी. त्यांच्याशी तीन सामन्यांची गाठ पडली होती. चौथ्या नंबरचा मान असा की पहिला सामना घरच्या बर्फावर. शनिवारी, दुपारी तीनला.

हा घरचा बर्फ ज्याच्या हातचा, त्याला गाव थंडोपंत म्हणे. त्याचं खरं नाव पगारपत्रकाला आणि बायकोला माहीत. सव्वीस वर्षं तो रिंकच्या तळघरातली यंत्रं सांभाळत होता. सामन्याच्या दिवशी तो वर येऊन, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी जिथून आत येते त्या दारात उभा राही. एक डोळा खेळावर, एक कान जिन्याखालच्या आवाजावर. कुणी येऊन म्हणालं, “पंत, काय झकास पास होता,” तर तो म्हणे, “हो, पण डाव्या कोपऱ्यात बर्फ जरा मऊ पडलाय.” लोक हसत. त्याला त्यात हसण्यासारखं काय ते कळत नसे.

सोमवारी सकाळी सात वाजता तो जिना उतरला आणि तिसऱ्या पायरीवरच थबकला. पंपाचा आवाज बदलला होता. रोजचा घोगरा सूर जाऊन त्यात खडे दळल्यासारखी करकर आली होती. तो धावत जाऊन बटणापर्यंत पोचेतो पंपाने एकदा जोरात हिसका दिला, काहीतरी कडकन मोडलं, आणि सगळं शांत झालं. पुढचा अर्धा तास तो गुडघ्यांवर बसून बॅटरीने बघत होता. दांडा मोडलेला. कवचाला हातभर चीर. ती सांधायची म्हटली तरी वेल्डिंग या दाबाला टिकलं नसतं.

रिंकच्या फरशीखाली मैलच्या मैल नळ्यांचं जाळं असतं. त्यातून गोठणबिंदूच्या खाली गार केलेलं खारं पाणी सतत फिरत राहतं, म्हणून वर बर्फ टिकतो. पाणी फिरवायचं काम या पंपाचं. तो थांबला की पाणी जागच्या जागी उभं राहतं आणि खालच्या जमिनीची ऊब हळूहळू वर चढायला लागते. राखीव पंप एक होता, तो दोन वर्षांपूर्वीच वापरून झाला होता. दुसऱ्यासाठी थंडोपंताने तीन अर्ज दिले होते आणि ते तिन्ही अजून कुठल्याशा टेबलावर सहीची वाट बघत पडले होते. व्यवस्थापकाने कारखान्याला फोन लावला. नवा पंप तीन आठवड्यांनी मिळेल, असं उत्तर आलं.

“गुरुवारी दुपारी बारा वाजता हॉकी संघटनेची तपासनीस येणार,” व्यवस्थापक पेनचं टोपण चावत म्हणाला. “बर्फ नीट नसला तर सामना शहरात हलवतील. नियमच आहे तसा.”

थंडोपंत जिना चढून वर गेला. त्याने रिंकची सगळी दारं लावून घेतली, दिवे घालवले आणि पडदे ओढले, म्हणजे होता तो गारवा तरी आत राहील.

अशी बातमी लपत नाही. दुपारपर्यंत रिंकच्या फाटकाशी पन्नास-साठ माणसं जमली. न्हाव्याने दुकानावर ‘येतो’ अशी पाटी लावली होती, बेकरीवाली हाताचं पीठ न धुताच आली होती. कुणी आरडाओरडा केला नाही. आजारी माणसाच्या खोलीबाहेर बोलतात तसे सगळे हलक्या आवाजात बोलत होते. रविवारी हीच माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून नाचली होती. पहिला सामना घरी जिंकायचा, दुसरा हरलो तरी तिसरा पुन्हा घरी, असं गणित त्यांनी रात्रीतून पाठही केलं होतं. आता थंडोपंत बाहेर आला की ती सगळी त्याच्या तोंडाकडे बघत, आणि त्याला आपलं तोंड कुठे ठेवावं ते कळत नसे. एका म्हाताऱ्या पोस्टमनने तेवढं विचारलं, किती वेळ आहे म्हणून. थंडोपंताने सांगितलं की उद्या सकाळी वर पाणी सुटायला लागेल.

संध्याकाळी घरी त्याने जेमतेम दोन घास खाल्ले. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिथल्या काचेच्या नळ्यांत रंग बदलेपर्यंत थांबून थांबून तिला वाट बघण्याची सवय झाली होती. नवऱ्याने ताट बाजूला सारेपर्यंत ती थांबली आणि मग म्हणाली, “डेअरीच्या एका शीतघराचं काम बंद आहे. माझी धाकटी बहीण परवाच सांगत होती. तिथे दोन पंप नुसते बसून आहेत, तुमच्याच मापाचे.”

थंडोपंताने मान वर केली आणि लगेच खाली घातली. डेअरीची शीतघरं म्हणजे त्याच्या साडूचं राज्य होतं. आणि साडूशी त्याचं सहा वर्षं बोलणं नव्हतं.

साडू जन्माने शहरवाला. नोकरीसाठी इथे आला, बायकोही इथलीच केली, पण टीम नाही बदलली. सहा वर्षांपूर्वी शहरवाल्यांनी टिटव्यांना याच बर्फावर नऊ-शून्य असं धुतलं. तिसऱ्या दिवशी टपालाने थंडोपंताच्या घरी काळ्या काठाचं कार्ड आलं. आत सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ खाली साडूची सही. साडू म्हणे, गंमत होती. थंडोपंत म्हणे, गंमत काय ती मला कळते. तेव्हापासून दोघांत अबोला. सणासमारंभाला दोघं एकाच टेबलावर बसत, पण मीठ हवं असलं तरी थोरलीला सांगायचं, थोरलीने धाकटीला, धाकटीने नवऱ्याला. त्या दोघी बहिणी सहा वर्षं मिठाच्या हमाल झाल्या होत्या.

“मी त्याच्या दारात जाणार नाही,” थंडोपंत म्हणाला.

“दारात नका जाऊ. डेअरीत जा,” बायको म्हणाली आणि तिने त्याचं ताट पुन्हा पुढे सरकवलं.

मंगळवारी सकाळी त्याने आधी रिंकचं दार उघडून बघितलं. बर्फावर बोटभर पाणी चढलं होतं. त्याखाली निळी रेघ फुटून तिचे ओघळ पांढऱ्यात पसरले होते. मधोमध रंगवलेल्या टिटवीची मान नाहीशी झाली होती. तो तसाच मागे वळला आणि डेअरीकडे चालायला लागला.

डेअरीच्या दारात त्याला कागदी टोपी घालायला लावली आणि बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. सहा वर्षांचा ताठा घेऊन निघालेला माणूस त्या टोपीत अगदी केविलवाणा दिसत होता, आणि ते त्याला आतल्या स्टीलच्या टाकीत स्वच्छ दिसलं. साडू मापकांच्या पाटीशी उभा राहून आकडे लिहून घेत होता. ठेंगणा, गोल, पांढऱ्या कोटाची सगळी बटणं लावलेला. त्याने चष्म्यावरून एकदा बघितलं आणि शेवटचा आकडा लिहून होईपर्यंत मान वर केली नाही.

थंडोपंताने वाटेत तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. तो म्हणाला, “पंप हवाय. शनिवारपुरता.”

साडूने वहीत पेन ठेवून वही मिटली. मग त्याने कोरडेपणाने माहिती विचारली. पाणी किती फिरवता, दाब किती, नळीचं तोंड किती इंची, कडेला बोल्ट किती. थंडोपंत उत्तरं देत गेला. सगळं विचारून झाल्यावर साडू चालायला लागला, आणि हा त्याच्या मागे. बंद शीतघराच्या मागे, भिंतीशी, निळे रंगवलेले दोन पंप होते. त्यांच्यावर धूळ नव्हती. कुणीतरी ते आठवड्याला पुसत असणार. कोण, ते विचारायची गरज नव्हती.

“सहा वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात,” साडू म्हणाला, “आणि मागितलंत काय, तर पंप.”

“नाही द्यायचा तर तसं सांगा. मी जातो.”

“थांबा हो. माझं ऐकून तर घ्या.” साडूने पंपावर हात ठेवला. “मी पंप दिला नाही, तर सामना शहरात होईल. आम्ही जिंकू. आणि मग मरेपर्यंत तुम्ही आणि तुमचं हे गाव म्हणत बसाल, आमचा बर्फ नव्हता म्हणून हरलो, नाहीतर दाखवलं असतं. प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला मला ते ऐकावं लागेल. मला नाही ऐकायचं. टिटव्या हरलेल्या मला बघायच्या आहेत त्या तुमच्या बर्फावर, तुमच्या त्या टिव-टिवमध्ये, तुम्ही दारात उभे असताना.”

थंडोपंताला सहा वर्षांत पहिल्यांदा या माणसाचं काही पटलं. तो म्हणाला, “बघू कोण हरतंय ते.”

“बघूच. पण एक सांगतो. माझा पंप मी दुसऱ्या कुणाला बसवू देत नाही.”

साडूने डेअरीच्या संचालकांना फोन केला. फोनवर तो काय बोलला ते थंडोपंताला अर्धंच ऐकू आलं, पण ‘माझ्या जबाबदारीवर’ हे शब्द मात्र दोनदा आले. तासाभरात पंप डेअरीच्या टेंपोत चढला. नळीचं तोंड जुळत होतं, बोल्टांची भोकं मात्र जुळत नव्हती. सहाऐवजी आठ. साडूने डेअरीच्या वर्कशॉपमध्ये लेथवर दोन्हीकडे बसेल अशी एक जाड कडी कातून घेतली. कातताना तो कारागिराच्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि थंडोपंत साडूच्या.

रिंकच्या फाटकाशी आता दीडशे माणसं होती. टेंपो दिसल्यावर त्यांच्यात चैतन्य आलं, आणि टेंपोतून कोण उतरलं ते दिसल्यावर सगळी गप्प झाली. साडूला कोण ओळखत नव्हतं? दर हंगामात टिटव्यांच्या गर्दीत शहरवाल्यांचा लाल मफलर गुंडाळून एकटा बसणारा हाच तो. व्यवस्थापकाने थंडोपंताला बाजूला घेतलं. त्याचं म्हणणं असं की पंप उतरवून घ्यावा आणि या गृहस्थाला इथूनच निरोप द्यावा. आतल्या यंत्रांना त्याचा हात लागू देणं बरं नाही. काही बिघडवून ठेवलं तर? लोकही तेच म्हणताहेत. मागे उभ्या असलेल्या न्हाव्याने मान डोलावली.

थंडोपंताने मागे वळून बघितलं. साडू टेंपोच्या फळीशी उभा होता. त्याला ऐकू आलं होतं, हे त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या त्यावरून कळत होतं. पंपावरची दोरी सोडायचा तो थांबला होता.

थंडोपंत हळू बोलणारा माणूस. पण ते वाक्य त्याने फाटकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हटलं. “तो माझा साडू आहे. माणूस वाकडा आहे, पण पंप वाकडा बसवणार नाही. तो आत येणार नसेल तर मीही येत नाही. मग बसवा तुम्ही.”

व्यवस्थापकाने पेनचं टोपण तोंडातून काढून खिशात ठेवलं. फाटक उघडलं.

संध्याकाळपर्यंत दोघं तळघरात होते. बोलणं पाना, बोल्ट आणि वायसर यापलीकडे गेलं नाही. एकाने हात पुढे केला की दुसरा न विचारता हवी ती वस्तू त्यात ठेवत होता. पंप सुरू केल्यावर साडूने खिशातून लांब पेचकस काढला, त्याचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटून तो बराच वेळ ऐकत राहिला. थंडोपंतही सव्वीस वर्षं असंच ऐकत आला होता. हे आपल्याखेरीज आणखी कुणी करतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. साडूने पेचकस त्याच्या हातात दिला. त्यानेही ऐकलं. आत सूर एकसारखा, भरलेला आणि स्वच्छ होता.

“चांगला आहे,” थंडोपंत म्हणाला.

“चांगला असायलाच हवा,” साडू म्हणाला. “मी पुसतो त्याला.”

बुधवारी उजाडता उजाडता फरशी पुन्हा गोठायला लागली होती, पण जुना बर्फ कामातून गेला होता. तो खरवडून काढून सगळं नव्याने उभारायचं होतं. हे काम चार माणसांचं आणि चार दिवसांचं. थंडोपंताने फाटक सताड उघडायला सांगितलं. गाव आत आलं. फरशी पुसायचे रबरी दांडे, फावडी, बादल्या, घरातली पोतेरी, ज्याला जे मिळालं ते घेऊन आलं. बर्फाची गाडी चालवणाऱ्या बाईंना सगळे सारथीबाई म्हणत. एरवी त्यांच्या गाडीच्या वाटेत कुणी आलेलं त्यांना खपत नसे. त्या दिवशी त्या गाडीवर उभ्या राहून एखाद्या मुकादमासारख्या सगळ्यांना रांगा लावून देत होत्या, आणि न्हाव्यापासून शाळेच्या मुख्याध्यापिकेपर्यंत सगळे निमूट ऐकत होते.

बर्फ एकदम ओतून होत नाही. पाण्याचा नुसता फवारा मारायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. कागदाइतक्या पातळ थरांवर थर. खालच्या थरांवर पांढरा रंग, त्यावर लाल-निळ्या रेघा, मग पुन्हा पाणी. घाई केली तर बर्फ पोकळ होतो आणि स्केटच्या धारेखाली पापडासारखा फुटतो. थंडोपंत पाठीवर नळी घेऊन मागे मागे सरत फवारत होता. प्रत्येक थराला तो बोटाचं नख लावून बघे आणि मगच पुढच्याला हो म्हणे. लोक काठावर बसून त्याच्याकडे बघत होते. इतकी वर्षं ज्यावर टीम खेळते तो बर्फ कसा होतो, ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. बेकरीवाली म्हणाली की आपल्याला वाटायचं, थंडीत होत असेल आपोआप. मग ती स्वतःच ओशाळली आणि पावांची मोठी टोपली आणायला गेली.

मधलं वर्तुळ आखायचं तेव्हा मध्यावर दोरी धरायला माणूस हवा होता. पाट्या रंगवणारा पेंटर कुंचला घेऊन तयार होता. साडू पंप बघायला म्हणून दुपारच्या सुट्टीत आला होता, त्यालाच पेंटरने हाक मारली. तर शहरवाला साडू गुडघे टेकून मध्यावर दोरी धरून बसला आणि त्याच्याभोवती पेंटरने टिटव्यांचं वर्तुळ काढलं. मग आत पक्षी काढायला घेतला. साडू शेजारी उभा राहून बघत होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “पाय आखूड काढलेत. टिटवीचे पाय लांब असतात.” पेंटरने आधी त्याच्याकडे, मग पक्ष्याकडे बघितलं आणि पाय दोन बोटं लांब केले. काठावर कुणीतरी खुदकन हसलं, पण त्या हसण्यात कालचा संशय नव्हता.

गुरुवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना तपासनीस आली. उंच, हातात पत्र्याची पेटी, चेहऱ्यावर काहीही नाही. तिने गिरमिटासारख्या बारीक ड्रिलने बर्फात एकवीस ठिकाणी भोकं पाडून जाडी मोजली, तापमान घेतलं, डाव्या कोपऱ्यात दोनदा वाकून बघितलं. सगळं गाव काचेबाहेर उभं होतं. त्या पाऊण तासात थंडोपंताला सव्वीस वर्षांतल्या आपल्या सगळ्या चुका एकेक करून आठवल्या. पेटी बंद करताना तिने विचारलं, हा बर्फ किती दिवसांचा आहे. थंडोपंताने खरं ते सांगितलं, उद्या दोन दिवस होतील.

तिने सहीसाठी काढलेलं पेन तसंच धरून ठेवलं आणि परत एकदा रिंककडे बघितलं. “मी या हंगामात नऊ रिंक तपासल्या,” ती म्हणाली. “इथे मला कमीजास्त काही सापडलं नाही.” मग सही केली.

थंडोपंताने कागद घेतला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि तो तळघरात गेला. तिथे तो खारं पाणी फिरणाऱ्या नळीला पाठ टेकून थोडा वेळ उभा राहिला. वर गावाने टिव-टिव-टिव असा कालवा सुरू केला होता, रिकाम्या रिंकमध्ये, एकही खेळाडू नसताना. छताचा पत्रा त्याने थरथरत होता. आपल्यासाठी असा कालवा कधी होईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि तो आपल्यासाठीच आहे हे त्याला तिथे, एकट्याला, नीट ऐकता आलं. त्याने डोळे पुसले आणि मापकावरचा आकडा वहीत लिहिला.

शनिवारी रिंकमध्ये सुई शिरायला जागा नव्हती. चौदा वर्षं प्लेऑफ न बघितलेली माणसं लग्नाला आल्यासारखी नटून आली होती. म्हातारा पोस्टमन नातीला सांगत होता की शेवटच्या वेळी तिच्या आईचं लग्नही झालं नव्हतं. मधल्या रांगेत, टिटव्यांच्या निळ्या समुद्रात एक लाल मफलर होता. त्याच्या एका बाजूला थोरली, एका बाजूला धाकटी. दोघींनी निळे मफलर घातले होते, आणि मधला माणूस ते जणू दिसतच नाही अशा बेताने समोर बघत होता.

खेळाडू बर्फावर उतरले. पहिल्याच वळणाला टिटव्यांच्या कप्तानाने स्केटची धार तिरपी रोवून बर्फ उडवला. त्या आरशासारख्या पृष्ठभागावर पहिला पांढरा ओरखडा उमटला. गाडीच्या दारात उभ्या थंडोपंताच्या काळजात चर्र झालं. पण ओरखडा स्वच्छ होता, कडा न ढासळलेला, आणि पुढच्या क्षणी थंडोपंत हसत होता.

सामना कसा झाला ते गावात अजून कुणालाही विचारा, तासभर तुमची सुटका नाही. टिटव्यांनी पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल केले. शहरवाल्यांनी दुसऱ्या डावात ते दोन्ही फेडले, आणि सगळ्यांना नऊ-शून्य आठवलं. तिसऱ्या डावात शहरवाल्यांनी टिटव्यांच्या गोलासमोर अक्षरशः तळ ठोकला. टिटव्यांचा गोलकीपर, जो एरवी गावात शाळेची बस चालवतो, त्याने छातीवर, खांद्यावर, एकदा तर हेल्मेटच्या जाळीवर ती काळी रबरी चकती झेलली. शेवटची सव्वातीन मिनिटं राहिली असताना टिटव्यांच्या बचावातल्या एकाने चकती लांब, पार त्या टोकाला मारली. ती डाव्या कोपऱ्यात गेली. तिथे मऊ बर्फ असता तर थांबली असती. ती थांबली नाही. गुळगुळीत वळण घेऊन गोलामागून अशी बाहेर आली की शहरवाल्यांचा गोलकीपर एका बाजूला बघत होता आणि टिटव्यांचा कप्तान दुसऱ्या बाजूला तयार उभा होता. तीन-दोन.

त्यानंतरचा कालवा डेअरीतल्या पाळीवाल्यांनाही ऐकू गेला म्हणे.

लोक कितीतरी वेळ हलले नाहीत. मग साडू जिना उतरून तळघरात आला. थंडोपंत मापकांपाशी होता. इतक्या माणसांच्या श्वासाने रिंक तापली होती आणि पंपाला ओझं पडत होतं. साडूने मफलर सोडून खिशात कोंबला, पेचकस काढून बेअरिंगला लावला, ऐकलं.

“शिटी नाही ना करत?” थंडोपंताने विचारलं.

“नाही. थोडं ग्रीस लागेल. सोमवारी आणतो.” मग तो म्हणाला, “तुमचा कप्तान उभा कुठे राहिला होता, बघितलंत? आमच्या बचावातल्या दोघांनी काय डोळे मिटले होते का?”

“तुमचा उजव्या बाजूचा फार पुढे आला होता.”

“पहिल्या डावापासून येत होता. मी धाकटीला तेव्हाच म्हटलं.”

यावरून जे सुरू झालं ते जिना चढेपर्यंत, दारातून बाहेर पडेपर्यंत आणि पार्किंगमध्ये दोघी बहिणी गारठून उभ्या असतानाही चालूच राहिलं. दोघं बुटांच्या टोकांनी जमिनीवर रेघा ओढून एकमेकांना जागा दाखवत होते. शेवटी थोरली म्हणाली की सहा वर्षं आम्ही मीठ वाहिलं ते बरं होतं, निदान वेळेवर घरी जात होतो.

दुसरा सामना बुधवारी शहरात होता. त्यासाठी गावातून बसेस सुटणार होत्या आणि फाटकाशी सारथीबाई यादी घेऊन बसल्या होत्या. थंडोपंत सव्वीस वर्षांत एकदाही बाहेरगावच्या सामन्याला गेला नव्हता, कारण मागे यंत्रांजवळ कोण राहणार. सारथीबाईंनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं की यंत्रांजवळ त्या राहतील, त्यांनाही कान आहेत. तेव्हा त्याने पेन घेतलं आणि दोन जागा लिहिल्या, शेजारशेजारच्या. साडूच्या नावापुढे त्याने ‘शहरवाला’ असंही लिहून ठेवलं, म्हणजे बसमध्ये कुणाला ऐन वेळी धक्का बसायला नको.